शेवटच्या प्रकरणाचं वाचन

अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या त्या ग्रंथालयात एकच नियम होता, आणि तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या काचेवर ठळक अक्षरांत चिकटवलेला होता : छापलंय तेच वाचा, स्वतःची मतं घरी ठेवून या. हा नियम पाळण्यात आवाजताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौदा वर्षं त्या या खोलीत बसून वाचत होत्या. कायद्याची जाडजूड पुस्तकं, परीक्षांची टिपणं, कविता, भुताखेताच्या गोष्टी, एकदा तर पाण्याच्या पंपाची अख्खी माहितीपुस्तिका. ती कुणाला नि कशाला हवी होती, असल्या चौकशा त्या करत नसत. श्रोत्यांनीच त्यांना आवाजताई हे नाव दिलं होतं आणि आता घरचेही खरं नाव विसरल्यासारखे वागत.

काचेच्या पलीकडे बटणमामा बसत. हे यंत्र सांभाळणारे गृहस्थ. एका हाताची बोटं बटणांवर, दुसऱ्या हाताचं बोट पुस्तकाच्या झेरॉक्सवर. ताई एक शब्द चुकल्या की मामांचा हात वर. "बाई, 'आणि' खाल्लात." पोटात गुरगुरलं तरी हात वर. "बाई, तुमचं पोट कादंबरीत यायला लागलं. दोन बिस्किटं खाऊन घ्या."

इतकं सगळं थंड डोक्यानं वाचलेली ही बाई 'त्याच्या कुलपात' नावाच्या कादंबरीच्या तिसऱ्याच प्रकरणात खुर्ची मागे ढकलून उभी राहिली.

"मामा, मला हे वाचवत नाही."

"का? काय झालं?"

"काय झालं? त्यानं तिला घरात कोंडलंय, तिचा फोन फोडलाय, तिचे कपडे जाळलेत, आणि ही बया म्हणते की त्याच्या रागातही तिला माया दिसते!"

"बाई, प्रेमकथा आहे ती. काळोखी प्रेमकथा म्हणतात अशीला. माझ्या मुलीनं दोनदा वाचली. ती म्हणते, पुस्तकात असला नवरा झकास, घरी आणलास तर पोलिसांत देईन." मामा खो खो हसले. "बसा. अजून एकतीस प्रकरणं आहेत."

ताई बसल्या. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती नुसती पुस्तकामुळे नव्हती. ताईंची थोरली बहीण अकरा वर्षं अशाच एका 'खूप प्रेम करणाऱ्या' माणसाकडे काढून परत आली होती. येऊन सहा वर्षं झाली, ताईंच्याच घरी राहते. आजही खोलीत शिरली की विचारते, "पंखा लावू का गं? चालेल ना?" आपल्याच बहिणीच्या घरी! ताई दर वेळी म्हणतात, "अगं लाव की, विचारतेस काय." आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते. हे ताईंनी बाहेर कुणाला कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, आणि कुणाची वाटते हेही धड कळायचं नाही.

तरीही त्या निमूट वाचत गेल्या असत्या. चौदा वर्षांची सवय होती. पण या पुस्तकाची मागणी ज्या मुलीनं केली होती, ती ताईंची सगळ्यात लाडकी श्रोती होती.

ही एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही, वय सत्तावीस, जीभ तिखट आणि स्मरणशक्ती अशी की रुग्णालयाचे साडेतीनशे नंबर तोंडपाठ. नोकरीची परीक्षा ती ताईंनी वाचलेली पुस्तकं ऐकून पास झाली होती. निकालाच्या दिवशी आईच्या आधी तिनं ताईंना फोन केला होता. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाबद्दल ती न चुकता फोन करायची. "ताई, त्या खुन्याचा आवाज जरा जास्तच गोड काढलात. मला तिथेच कळलं तोच आहे म्हणून."

प्रकरण मुद्रित झालं की लगेच श्रोत्यांना जायचं, त्यामुळे या वेळी फोन मध्येच आला, आणि तो वेगळाच.

"ताई, काय वाचता हो तुम्ही! आठवं प्रकरण ऐकलं. अंगावर काटा आला. आमचाही अगदी अस्साच आहे."

"आमचा कोण?"

मग ती सगळं सांगायला लागली. औषधकंपनीचा माणूस, रुग्णालयात येणंजाणं असणारा. चार महिन्यांपूर्वी ओळख झाली, पुढच्या आठवड्यात त्याच्या गावी जायचं आणि तिथेच लग्न. ही कादंबरीसुद्धा त्यानंच भेट दिली होती. वाचून दाखवायला वेळ नाही, म्हणून तिनं ती ग्रंथालयाला पाठवली. "एवढा जपतो ना, ताई. माझी पांढरी काठी त्यानं ठेवून घेतली. म्हणाला, मी असताना काठी कशाला? फोनमधलं ते बोलणारं यंत्रही बंद केलं, त्याच्या डोक्यात जातं म्हणे. आता निरोप तोच वाचून दाखवतो. आणि काय गंमत, परवा माझ्या खोलीतलं सगळं सामान त्यानं हलवलं. मी पलंगाला आपटले, तर म्हणाला, बघ, माझ्याशिवाय तुला तुझी खोलीही सापडत नाही."

ती हसत होती. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"नोकरीचं काय?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"राजीनामा दिलाय. साहेबांच्या टेबलावर आहे. पुढच्या शनिवारी शेवटचा दिवस."

म्हणजे हातात नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांत ताईंनी जे जे केलं ते सगळं उलट फिरलं. आधी त्यांनी मुलीलाच खडसावलं. "हे प्रेम नव्हे. त्या माणसाचा नाद सोड. मी सांगते ते ऐक." मुलगी आधी हसली, मग म्हणाली, "ताई, पुस्तकावरचा राग तुम्ही त्याच्यावर काढताय. गोष्ट कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो एवढं मला कळतं." मग ताईंनी तिच्या आईला फोन लावला. ती माउली तर एका पायावर तयार होती. "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही माझ्या लेकीला. आता एक चांगला मुलगा हो म्हणतोय, तर तुमच्या पोटात का दुखतं?" भावानं फोन हिसकावून घेतला आणि पुन्हा करू नका म्हणून बजावलं. शेवटी ताईंनी एका समुपदेशक बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, मुलगी सज्ञान आहे, तिनं स्वतः यायला हवं. म्हणजे त्यांनीही हात वर केले.

आणि रोज सकाळी दहा वाजता काचेसमोर बसून त्याच मुलीच्या कानात ताईंना काय ओतावं लागत होतं? "तू पळून कुठे जाशील? तुझा रस्ताही मीच आहे." असली वाक्यं. तीही चांगली वाचावी लागत होती. आवाजच तसा होता त्यांचा, वाईट वाचायचं म्हटलं तरी जमेना. एकदा त्यांनी मुद्दाम सपाट सुरात वाचून पाहिलं. मामांचा हात वर. "बाई, रेशनची यादी वाचताय का?" तेव्हा त्यांना रडू कोसळलं. मामा घाबरले, पाणी आणलं, पण विचारलं काही नाही. विचारायला हवं होतं. ताईंनी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

गुरुवारी शेवटचं प्रकरण उरलं. ताईंनी ते आधीच वाचून ठेवलं होतं. शेवटच्या दोन पानांत तो कुलूपवाला नायक गुडघे टेकतो, रडतो, म्हणतो, मी चुकलो, आणि दाराची किल्ली तिच्या तळहातावर ठेवतो. दार उघडं आहे, जा, म्हणतो. ती दारापर्यंत जाते, उंबऱ्यात उभी राहते आणि आपणहून परत येते. संपलं. ताईंनी दातओठ खाल्ले. तेहतीस प्रकरणं कोंडून ठेवायचं आणि दोन पानांत किल्ली देऊन साव व्हायचं! आणि ही परत येते! हे ऐकून शनिवारी त्यांची लाडकी श्रोती त्या माणसाच्या गाडीत बसणार होती.

त्याच दिवशी मामांची दाढ काढायची होती. "बाई, शेवटचं प्रकरण तुम्हीच उरकून टाका. बटण हिरवं झालं की सुरू, लाल दाबलं की बंद. चौदा वर्षांत तुमच्याइतकं स्वच्छ वाचलेलं नाही कुणी, माझी गरज नाही." असं म्हणून गालावर हात ठेवून ते गेले.

ताईंनी हिरवं बटण दाबलं. निम्मं प्रकरण छापल्याबरहुकूम वाचलं. मग पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि बोलायला लागल्या.

त्यांच्या गोष्टीत नायिकेनं खिडकीची काच फोडली. हाताला लागलं, पण ती थांबली नाही. रस्त्यावर आली, पहिल्या दिसलेल्या बाईला म्हणाली, मला मदत करा. त्या बाईनं केली. ती आपल्या गावी गेली, जुनी नोकरी परत मिळवली, स्वतःच्या पैशानं स्वतःला हवे तसले कपडे घेतले. तो मात्र त्या मोठ्या घरात कुलपांचा ढीग मांडीवर घेऊन एकटाच बसून राहिला. इतकं चांगलं त्यांनी आयुष्यात वाचलं नव्हतं. लाल बटण दाबलं तेव्हा मन कसं हलकं झालं होतं. संध्याकाळी थोरलीनं पंख्याचं विचारलं तेव्हा त्यांना पहिल्यांदाच राग आला नाही.

आता दुसऱ्या कुणाच्या हे लगेच लक्षात आलं असतं, पण चौदा वर्षं फक्त पानावर नजर ठेवणाऱ्या बाईच्या आलं नाही. श्रोत्यानं दिलेलं पुस्तक शेवटच्या प्रकरणाबरोबरच त्याच्याकडे परत जातं, ही त्या ग्रंथालयाची जुनी पद्धत. शुक्रवारी सकाळी सुजलेला गाल घेऊन मामा आले, यंत्रावरून शेवटचं प्रकरण श्रोत्यांना पाठवलं आणि पुस्तकाचं पाकीट बनवून माणसाबरोबर रुग्णालयात रवाना केलं. कामात चोख माणूस.

शनिवारी अकरा वाजता फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"ताई, शेवटचं प्रकरण तुम्ही वाचलं नाहीत. तुम्ही बोललात."

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाचताना ओळ संपते ना, तिथे तुम्ही एवढासा श्वास धरता. पाच वर्षं ऐकतेय मी. अर्ध्यावरून पुढे एकदाही धरला नाहीत. मला वाटलं, माझेच कान बिघडले. म्हणून काल त्याला पुस्तक दिलं, म्हटलं शेवट वाच. त्यात खिडकी नाही, काच नाही, नोकरी नाही. काहीच नाही." तिचा आवाज चिरकला. "तो म्हणाला, बघ, तुझी ताईसुद्धा तुला फसवते. या जगात तुला खरं वाचून दाखवणारा मी एकटाच आहे. आणि मला काही बोलताच आलं नाही, ताई. काय बोलणार होते मी?"

फोन बंद झाला. जे त्या माणसाला चार महिन्यांत जमलं नव्हतं, ते त्यांनी एका दुपारी त्याच्या हातात आयतं नेऊन दिलं होतं. आता मुलीला दुसऱ्या कुणाचा आवाज उरला नव्हता. ताईंनी चपला घातल्या की नाही हेही त्यांना नीट आठवत नाही. मिळाली ती रिक्षा पकडली.

रुग्णालयातली ऑपरेटरची खोली चौकशीच्या खिडकीमागे होती. एक टेबल, बटणांची पाटी, दोन खुर्च्या. टेबलाखाली भरलेली बॅग. ती 'नमस्कार, रुग्णालय' म्हणत फोन जोडत होती. दारात पाऊल वाजताच म्हणाली, "का आलात?"

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "मी खोटं वाचलं."

"आधीचंही खोटंच असेल मग. परीक्षेची पुस्तकं? की ती नीट वाचलीत?"

"असं नको गं म्हणू. एवढंच. पहिल्यांदाच. तुझी शपथ."

"माझी शपथ नको. पाच वाजता तो येतोय. जा तुम्ही."

माफी संपली होती, उपदेश तर कधीच संपला होता. निदान खरं काय ते तरी तिच्यापाशी राहू दे, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, "त्यानं किल्लीचं वाचलं ना? मला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण ते तुला कळायला हवं होतं. तो माफी मागतो, हे लपवायचा मला अधिकार नव्हता."

मुलीचा बटणावरचा हात थांबला. "कुठली किल्ली?"

"शेवटच्या दोन पानांतली."

"किल्ली नाहीये." आणि तिनं तोंडपाठ म्हणून दाखवलं, जसं तिला एकदा ऐकून सगळंच म्हणता यायचं. नायिका नायकाच्या पाया पडते. म्हणते, मी पुन्हा दाराकडे बघणार नाही. तो तिला उठवतो आणि माफ करतो. "संपलं. मी विचारलंही त्याला, अजून काही आहे का? नाही म्हणाला."

ताईंनी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. "हे पुस्तकात नाही, बाळा. पाया तो पडतो. माफी तो मागतो."

"तुम्ही एक सांगता, तो एक सांगतो." तिनं टेबलाचा खण उघडला आणि पुस्तक बाहेर काढून दोघींच्या मध्ये आपटलं. "आणि मी दोघांच्या तोंडाकडे बघत बसायचं! तेही मला येत नाही!"

ती रडत होती. रडता रडताच तिनं तीन आकडे दाबले. "एक्स-रे? जरा खाली या. दोन मिनिटांचं काम आहे. नाही, पेशंट नाही. या म्हणते ना."

एक्स-रेवाला आला. हा माणूस रुग्णालयात बारा वर्षं होता आणि 'श्वास घ्या, रोखा, सोडा' याखेरीज कुणी त्याचा शब्द ऐकला नव्हता. पुस्तक, प्रेम, या दोघी, कशाशीच त्याचं देणंघेणं नव्हतं. तिला नेमका असाच माणूस हवा होता. "शेवटची दोन पानं वाचा," ती म्हणाली. "जसं असेल तसं."

त्यानं चष्मा लावला आणि वाचलं. काय ते वाचन! पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, प्रेमाच्या जागी खोकला. पण नायक गुडघे टेकून बसला. मी चुकलो म्हणाला. किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. दार उघडं आहे म्हणाला.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं. खाली 'समाप्त' लिहिलंय."

"किल्ली देतो, असं नक्की छापलंय?"

"दोनदा," एक्स-रेवाला म्हणाला. "एकदा देतो, एकदा ती मुठीत धरते."

तिनं नंबर फिरवला आणि आवाज खोलीत सोडला.

"शेवटच्या पानावर किल्ली आहे," ती त्याला म्हणाली. "ती का नाही वाचलीस?"

पलीकडून आवाज आला : "कुणी वाचून दाखवलं? कोण आहे तिथे?"

"का नाही वाचलीस?"

तो हसला. गोड हसला, ताईंना कबूल करावं लागलं. "अगं वेडे, तुझ्या भल्यासाठी. तू आधीच हळवी. भलतंसलतं डोक्यात शिरायला नको. बॅग भरलीस ना?"

"माझे निरोप वाचून दाखवतोस, तेही असेच? माझ्या भल्यासाठी?"

आता तो हसला नाही. "हे बघ, मी पाचला येतोय. तेव्हा बोलू. आणि त्या बाईला आधी तिथून घालव."

"येऊ नकोस," ती म्हणाली आणि फोन तोडला. तो लगेच पुन्हा वाजला. तिनं तो वाजू दिला, थांबू दिला आणि कार्यालयाचा नंबर लावला. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते. "साहेब, माझा राजीनामा टेबलावरच आहे ना अजून? फाडून टाका. हो, शुद्धीवर आहे. सोमवारी कामावर येते."

एक्स-रेवाला पुस्तक हातात धरून जमिनीकडे बघत उभा होता. ताईंना वाटलं, आत्ता उठावं आणि या पोरीला छातीशी धरावं. त्या अर्ध्या उठल्याही.

"थांबा," ती म्हणाली. "तुमचं राहिलं. तुम्ही का बदललंत?"

उत्तर ताईंच्या ओठांवर तयार होतं. दोनच शब्द होते आणि ते दोन्ही आत्ताच, याच खोलीत, त्या माणसाच्या तोंडून ऐकून झाले होते. ती वाट बघत होती, मान जराशी कलती करून, पाच वर्षं त्यांचं वाचन ऐकायला करत असेल तशी.

"मी घाबरले होते," ताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"मग एवढंच सांगायचं होतं, ताई. मी ऐकलं असतं." तिनं ओढणीनं डोळे पुसले, नाक पुसलं, कानावर यंत्र नीट बसवलं. "मामांना सांगा, माझ्या पुढच्या पुस्तकाला दुसरं कुणी बसवा."

आणि तिनं थांबलेला फोन घेतला. "नमस्कार, रुग्णालय. कुणाशी बोलायचंय?"